डीएनए ओरिगामी सीरममध्ये का टिकत नाही आणि कोटिंग करण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. औषध पेशींपर्यंत नेण्यासाठी डीएनए ओरिगामीची, म्हणजे डीएनएचे धागे दुमडून बनवलेली, एक अतिसूक्ष्म रचना तयार केली आहे. स्वतःच्या बफरमध्ये ती छान राहते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार रेखीव दिसतो. पण सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घातलेल्या, पेशी वाढवायच्या संवर्धन माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला ठेवली की काही तासांत जेलवरचा बँड, म्हणजे विजेने जेलमधून सरकवल्यावर शाबूत रचनेचा दिसणारा पट्टा, नाहीसा होतो. मग कोटिंग कोणतं करावं? आणि रचनेला लावलेल्या रंगाची चमक (फ्लुरोसन्स) पेशींच्या आत दिसतेय, त्यावरून निदान काही रचना तरी धड आत पोहोचल्या असं म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. कारण पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाला मात्र लगेच कोटिंगचं नाव सांगणार नाही, कारण बँड गेला म्हणजे नेमकं काय झालं हेच अजून ठरलेलं नाही. रचना उलगडली, की कापली गेली? दोन्हींची कारणं वेगळी, वेग वेगळा, उपायही वेगळे. या क्षेत्रात वाया जाणारे महिने बहुतेकदा हा फरक न करता थेट कोटिंगकडे धावल्यामुळे जातात, असं माझं ठाम मत आहे.

आधी उलगडण्याबद्दल. पॉल रोथेमुंड यांनी २००६ मध्ये दाखवलेली मूळ पद्धत आजही तीच आहे: एम१३एमपी१८ या विषाणूचा ७२४९ न्यूक्लिओटाइडांचा एकेरी धागा स्कॅफोल्ड म्हणून घ्यायचा आणि दोनशेहून जास्त छोट्या स्टेपल धाग्यांनी तो हव्या त्या आकारात दुमडायचा. यात साधारण २ नॅनोमीटर जाडीची दुपेडी सर्पिलं शेजारी शेजारी आवळून बसवलेली असतात. प्रत्येक सर्पिलाच्या कण्यावर दर ०.३४ नॅनोमीटरला दोन्ही धाग्यांवर एकेक ऋणभारित फॉस्फेट. एवढे ऋणभार इतक्या जवळ आले की ते एकमेकांना दूर ढकलणारच. त्यांना शांत ठेवायला रोथेमुंड यांच्या बफरमध्ये १२.५ मिलिमोलर मॅग्नेशियम होतं, आणि अनेक थरांच्या घट्ट रचनांना याहून जास्तही लागतं. माणसाच्या सीरममध्ये एकूण मॅग्नेशियम ०.७ ते १ मिलिमोलरच्या आसपास असतं. डीएमईएम माध्यमात सुमारे ०.८, तर आरपीएमआय १६४० मध्ये फक्त ०.४. म्हणजे बफरमधून माध्यमात टाकताक्षणी रचनेचा आधार पंधरा-तीस पटींनी कमी होतो. त्यात आरपीएमआयमध्ये फॉस्फेटही डीएमईएमपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि फॉस्फेट मॅग्नेशियमला धरून ठेवतो. एकच रचना एका माध्यमात टिकते आणि दुसऱ्यात विस्कटते, त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

कमी मॅग्नेशियम म्हणजे रचना संपलीच, असंही नाही. काळजीपूर्वक बफर बदलला तर काही रचना जवळपास मॅग्नेशियमरहित द्रावणातही शाबूत राहतात, कारण फॉस्फेटांना चिकटलेले मॅग्नेशियम आयन सहजासहजी सुटत नाहीत. ईडीटीए (धातूंचे आयन घट्ट बांधणारं रसायन) किंवा फॉस्फेट आले की ते ओढून काढले जातात. सोडियम पुरेसं असेल तर नुकसान काही अंशी भरून निघतं. म्हणून ‘मॅग्नेशियम किती’ एवढंच विचारून भागत नाही, ‘सोबत काय आहे’ हेही पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट कापली जाण्याची. रक्तात आणि सीरममध्ये डीएनए तोडणारी न्यूक्लिएज विकरं असतात. त्यातलं मुख्य डीएनेज १, आणि त्याला काम करायला कॅल्शियम व मॅग्नेशियम लागतं. दोन्ही सीरममध्ये आयतेच हजर. घट्ट बांधणीच्या ओरिगामीला साध्या दुपेडी डीएनएपेक्षा हे विकर उशिरा पचवतं, कारण आतल्या सर्पिलांपर्यंत त्याला सहज पोहोचता येत नाही. ही बांधणी आपल्याला फुकट मिळालेलं संरक्षण आहे, पण ते उशीर करतं, थांबवत नाही.

या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याही असतात. मॅग्नेशियम कमी झालं की रचना सैल होते आणि सैल झालेली रचना विकराला जास्त उघडी पडते. तरीही मुख्य दोष कोणाचा हे चार नळ्यांत कळतं. पहिल्या नळीत रचना तिच्या नेहमीच्या बफरमध्ये, दुसरीत सीरम न घातलेल्या माध्यमात, तिसरीत नेहमीच्या बफरमध्ये १० टक्के सीरम घालून, चौथीत माध्यम आणि सीरम दोन्ही. सगळ्या ३७ अंशांवर. शून्य, पंधरा मिनिटं, एक तास, चार तास आणि चोवीस तास असे नमुने काढायचे. दुसऱ्या नळीत बँड सरकला किंवा वरच्या बाजूला पसरट झाला, तर रचना उलगडते आहे. दुसरी ठीक आणि तिसरीत बँड फिकट होत खाली छोट्या तुकड्यांचा धूसर पट्टा दिसू लागला, तर विकर कापतंय. खात्री हवी असेल तर तिसऱ्या नळीची एक प्रत अॅक्टिन घालून करा. अॅक्टिन डीएनेज १ ला घट्ट बांधून निष्क्रिय करतं, त्यामुळे त्याच्या उपस्थितीत बँड वाचला तर गुन्हेगार नक्की झाला. सीरम ५६ अंशांवर तापवून निष्क्रिय केलं आहे यावर मात्र विसंबू नका. ती प्रक्रिया कॉम्प्लिमेंट प्रथिनांसाठी (रक्तातल्या प्रतिकारप्रथिनांसाठी) आहे, न्यूक्लिएज त्यातून बऱ्यापैकी वाचतात.

या साध्या दिसणाऱ्या प्रयोगात फसण्याच्या जागा आहेत आणि त्या सांगणं मला कोटिंगच्या चर्चेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक, नमुन्यासोबत आलेलं मॅग्नेशियम. १२.५ मिलिमोलरच्या बफरमधली १० मायक्रोलिटर रचना घेऊन माध्यमासह १०० मायक्रोलिटर केलं, तर त्यात १.२५ मिलिमोलर मॅग्नेशियम आपणच घातलं. माध्यमात मुळात होतं त्याहून जास्त. अशा नळीत रचना टिकली, तर ती शरीरातल्या परिस्थितीत टिकली असं म्हणता येत नाही. अंतिम मॅग्नेशियम किती झालं ते गणित करून वहीत लिहा, आणि रचना आधीच सांद्र करून घ्या म्हणजे घालायचं आकारमान कमी राहील.

दोन, लोडिंग डाय. जेलसाठी मिळणाऱ्या बऱ्याच तयार डायमध्ये ईडीटीए असतं. साध्या डीएनएला ते चांगलं, ओरिगामीला घातक. रचना सीरममधून सुखरूप बाहेर आलेली असते आणि डायमध्ये मिसळल्यावर उलगडते. मग दोष सीरमच्या माथी जातो. ग्लिसरॉल आणि रंग घालून, ईडीटीए नसलेला डाय स्वतः बनवा. जेलमध्ये आणि टाकीतल्या बफरमध्येही सुमारे ११ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड ठेवा आणि टाकी बर्फात ठेवून चालवा, कारण इतक्या क्षारासह जेल तापतं.

तीन, क्रिया थांबवायची कशी. एरवी डीएनेज थांबवायला ईडीटीए घालतात, ते इथे चालत नाही हे वर आलंच. उलट मॅग्नेशियम वाढवलं तर विकराला बळ मिळतं. मी प्रोटिनेज के वापरून विकर आणि सीरममधली प्रथिनं दोन्ही पचवून टाकतो, किंवा नमुना द्रव नायट्रोजनमध्ये तत्काळ गोठवतो आणि वितळताच लगेच जेलवर चढवतो. शून्य वेळेचा नमुनाही याच सगळ्या पायऱ्यांतून गेला पाहिजे. तो बफरमधल्या रचनेसारखा दिसत नसेल, तर पुढच्या वेळांचे आकडे काढण्यात अर्थ नाही. आणि फक्त जेलवर निवाडा करू नका. जेलवर बँड जागेवर असूनही सूक्ष्मदर्शकाखाली कोपरे झिजलेले, टोकं सुटलेली दिसतात. औषध किंवा अँटिबॉडी नेमकी त्या टोकावर बसवली असेल, तर बँड दिसतो म्हणून समाधान मानता येणार नाही.

आता उपायांकडे. सर्वांत आधी रचनेचा आराखडा पाहा. मीठ कमी झाल्यावर वेगवेगळे आकार वेगवेगळे वागतात हे २०१४ मध्ये हान, पेरॉल्ट आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट दाखवलं: संवर्धन माध्यमातल्या कमी मॅग्नेशियममध्ये तपासलेल्या आराखड्यांपैकी एकच चोवीस तास शाबूत राहिला, बाकीचे उलगडले. पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या ह्योगबर्ग यांच्या गटाने जाळीदार बहुफलक रचना शारीरिक क्षारतेच्या बफरमध्ये टिकतात हे दाखवलं. जाळीत सर्पिलं एकमेकांना खेटून नसतात, त्यामुळे ऋणभारांचं ढकलणं कमी असतं. पण तीच मोकळी जागा विकराला वाट देते. घट्ट रचना विकरापुढे जास्त तग धरते आणि कमी मॅग्नेशियममध्ये लवकर हरते. जाळीदार रचनेचं बहुतेकदा उलट. तुमच्या चार नळ्यांनी दोष उलगडण्याचा दाखवला, तर कोटिंगऐवजी आकार बदलणं हाच सरळ उपाय असू शकतो. आकार बदलणं शक्य नसेल, तर स्टेपलांचे तुकडे कुठे पाडलेत ते पाहा. प्रत्येक स्टेपलमध्ये एक तरी लांब सलग भाग स्कॅफोल्डला चिकटलेला असावा. सात-आठ बेसच्या तुकड्यांवर सगळा भार असेल तर ३७ अंशांवर कमी क्षारात ती जागा आधी सुटते.

दोष विकराचा निघाला, किंवा दोन्हींचा, तर पहिला पर्याय म्हणून मी दहा लायसिनांची (लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल) साखळी आणि तिला जोडलेला ५००० डाल्टनचा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा पॉलिमर) सुचवतो. प्रयोगशाळांत याला के१०-पेग म्हणतात. पोन्नुस्वामी, बास्टिंग्स, शिह आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे मांडलं. नुसत्या लायसिन साखळीने, लायसिनमधले नायट्रोजन आणि डीएनएमधले फॉस्फरस यांचं प्रमाण ०.५ ला १ ठेवून, रचना कमी क्षारात टिकल्या आणि डीएनेज १ विरुद्ध दहापटीपर्यंत जास्त तगल्या. प्रमाण वाढवलं की गुठळ्या होऊ लागल्या. पीईजी जोडल्यावर गुठळ्या टळल्या आणि सीरममधल्या न्यूक्लिएजपासून हजार पटीपर्यंत संरक्षण मिळालं. याच शोधनिबंधातली दुसरी गोष्ट मात्र पुष्कळ जण वाचत नाहीत: उंदरांच्या रक्तातली उपलब्धता फक्त माफक वाढली. नळीतले हजार पट रक्तात हजार पट होत नाहीत. रक्तात विकरांखेरीज यकृत आहे, पेशीभक्षक पेशी आहेत, कणांवर येऊन बसणारी प्रथिनं आहेत.

के१०-पेग करायला सोपं आहे. योग्य प्रमाणात मिसळायचं आणि खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवायचं. चुका होतात त्या प्रमाणात. एका ओरिगामीत स्कॅफोल्डचे ७२४९ आणि स्टेपलांचे जवळपास तेवढेच, असे सुमारे १४,५०० फॉस्फेट धरा. एका साखळीत दहा लायसिन, म्हणजे १ ला १ प्रमाणासाठी एका ओरिगामीमागे साधारण १,४५० साखळ्या लागतात. आता समजा स्टेपल दहापट जास्त घालून दुमडणी केली आणि उरलेले स्टेपल नीट काढले नाहीत. द्रावणात मोकळ्या स्टेपलांचे सुमारे ६५,००० फॉस्फेट प्रत्येक ओरिगामीमागे तरंगताहेत. तुम्ही १४,५०० चा हिशेब धरून पॉलिमर घातला, तर प्रत्यक्ष प्रमाण १ नसून ०.१८ पडलं. कोटिंग ‘काम करत नाही’ अशा तक्रारींमागे मला हे कारण इतक्या वेळा दिसतं की मी पहिला प्रश्न शुद्धीकरणाचाच विचारतो. पीईजीने अवक्षेपण करा किंवा योग्य छिद्रांच्या गाळणीतून अनेकदा धुवा, पण मोकळे स्टेपल गेल्याचं जेलवर दिसल्याशिवाय कोटिंगला हात लावू नका.

कोटिंग झाल्यावर आणखी एक धक्का बसतो. जेलवर बँडच दिसत नाही. भार झाकला गेल्यामुळे रचना विहिरीतून नीट बाहेर सरकत नाही, रंगही तिला कमी धरतो. रचना नष्ट झालेली नसते. डेक्स्ट्रान सल्फेट किंवा कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांसारखा प्रबळ ऋणभारित पॉलिमर घातला की तो लायसिनला ओढून घेतो, डीएनए मोकळा होतो आणि बँड परत दिसतो. सीरममधले नमुने तपासताना ही सोडवण्याची पायरी प्रत्येक वेळी हवी.

याहून जास्त टिकाऊपणा हवा असेल तर लायसिनच्या थराला ग्लुटाराल्डिहाइडने आडवे टाके घालता येतात. २०२० मध्ये शिह यांच्या गटाने यातून डीएनेज १ विरुद्ध उघड्या रचनेच्या लाख पटीपलीकडचं संरक्षण दाखवलं. आकडा मोठा आहे, पण किंमतही आहे. आल्डिहाइड प्रत्येक अमाइनला धरतं. रचनेवर प्रथिन, पेप्टाइड किंवा अँटिबॉडी बसवलेली असेल तर तिलाही. उघडझाप करणारं झाकण असेल तर ते जागेवर जाम होण्याची शक्यता गृहीत धरा. नुसत्या दहा-लायसिनच्या थराखालीही अॅप्टामर (लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारा डीएनएचा तुकडा) दबला जाऊ शकतो, तेव्हा कोटिंगनंतर बंधनक्षमता पुन्हा मोजणं सक्तीचं समजा.

पृष्ठभाग मोकळाच हवा असेल तर अतिनील प्रकाशाचा मार्ग मला जास्त आवडतो. म्युनिकमधल्या डिट्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये धाग्यांच्या टोकांशी आणि वळणांशी जादा थायमिन ठेवले आणि ३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने शेजारचे थायमिन एकमेकांना सहसंयुज बंधाने जोडले. अशा रचना ९० अंशांपर्यंत आणि कोणताही क्षार न घातलेल्या शुद्ध पाण्यातही टिकल्या. म्हणजे उलगडण्यावर हा जवळजवळ पूर्ण इलाज आहे. विकराविरुद्धही फायदा होतो, पण रचना अजून उघडीच असल्याने तो कोटिंगसारखा नसतो. एक पथ्य पाळा: प्रकाश आधी, औषध, रंग आणि प्रथिन नंतर. आणि प्रकाशाचा वेळ वाढवत नेऊ नका, अतिनील प्रकाश डीएनएला इजाही करतो.

लिपिडांचा दुपदरी थर चढवण्याचं काम पेरॉल्ट आणि शिह यांनी २०१४ मध्ये केलं. आवरण असलेल्या विषाणूंवरून घेतलेली ही कल्पना होती, आणि उंदरांत उपलब्धता १७ पट वाढली, प्रतिकारपेशींची उत्तेजना दोन घातांकांनी घटली. निकाल सुंदर आहे, पण कष्टाचं काम आहे आणि रचनेवरचं सगळं झाकलं जातं. सिलिकाचा थर यांत्रिक मजबुतीसाठी उत्तम, पण औषध वाहून नेण्यासाठी मी त्याला पहिली पसंती देणार नाही.

आणि किती टिकायला हवं, हे कामावरून ठरवा. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या दोन कामांकडे पाहा. एकात थ्रॉम्बिन वाहून नेणारी नळी गाठीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं न्यूक्लिओलिन ओळखून उघडायची. लक्ष्य रक्ताच्या वाटेवरच होतं, ऊतीत खोल शिरायची गरज नव्हती. दुसऱ्यात ओरिगामी मूत्रपिंडात जमा झाली आणि तिथल्या तीव्र इजेत घातक ऑक्सिजन संयुगांचा मारा तिने स्वतःवर घेतला. तिथे डीएनएचं झिजणं हाच उपचाराचा भाग होता. लसीसाठी लसिकागाठीत पोहोचून प्रतिजन आणि उद्दीपक एकत्र राहण्याइतका वेळ पुरतो. तुमच्या औषधाला दोन तास लागणार असतील, तर आठवडाभर न तुटणारी रचना शरीरातून बाहेर कशी काढायची हा नवा प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा?

आता फ्लुरोसन्स. मॅकगिल विद्यापीठातल्या स्लीमन यांच्या गटाने २०१९ मध्ये या विषयावर सावधगिरीचा इशाराच प्रसिद्ध केला. रंग स्टेपलच्या टोकाला असतो. सीरममधली विकरं ते टोक तोडतात, रंग एखाद्या न्यूक्लिओटाइडसह किंवा नुसताच सुटतो आणि पेशी तो स्वतंत्रपणे आत घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी झगमगतात आणि रचना बाहेरच पचलेली असते. म्हणून एक नियंत्रण नळी अशी ठेवा, ज्यात रंग लावलेली रचना आधीच डीएनेजने पूर्ण पचवली आहे. तिच्याही पेशी तितक्याच चमकल्या, तर तुमच्या चमकेला अर्थ नाही. याहून चांगलं म्हणजे शेजारच्या सर्पिलांवर, दोन वेगवेगळ्या स्टेपलांवर ऊर्जा देणारा आणि घेणारा असे दोन रंग लावा. अंतर काही नॅनोमीटरच असल्याने रचना शाबूत असेपर्यंत ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, विस्कटली की थांबते. दोन्ही रंग एकाच स्टेपलवर लावू नका, नाहीतर तुकडा झाल्यावरही खुणा शाबूत दिसतील. स्कॅफोल्डचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) करून डीएनए किती उरला हे कळतं, आकार उरला की नाही हे नाही.

रचना खरोखर आत गेली तरी बहुतेक वेळा ती एंडोसोममधून (पेशीने बाहेरचं आत घेताना बनणाऱ्या पिशवीतून) लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, जाते. तिथे आम्लता ४.५ ते ५ पीएचची असते आणि डीएनेज २ असतं, ज्याला कॅल्शियम-मॅग्नेशियमची गरज नसते. त्यामुळे डीएनेज १ वर केलेल्या चाचणीवरून पेशीतल्या नशिबाबद्दल काही ठरवू नका, डीएनेज २ ची चाचणी आम्ल बफरमध्ये वेगळी करा. प्रतिकारपेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनही मोजा. स्कॅफोल्ड ई. कोलायमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून येतो आणि जिवाणूचं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, सोबत येतं. ते न काढता दिसलेली उत्तेजना ओरिगामीची की जिवाणूची, हे सांगता येत नाही.

शेवटी आकडे कसे लिहायचे ते. ‘सीरममध्ये २४ तास टिकली’ हे वाक्य अपुरं आहे. सीरम किती टक्के, कोणत्या प्राण्याचं, कोणत्या लॉटचं, आणि ओरिगामी किती नॅनोमोलर? विकर तेवढंच ठेवून डीएनए वीसपट वाढवला, तर प्रत्येक रचनेच्या वाट्याला विकर कमी येतं आणि आयुष्य वाढल्यासारखं दिसतं. म्हणून कोटिंग केलेली आणि न केलेली रचना एकाच सांद्रतेवर, एकाच लॉटच्या सीरममध्ये, एकाच दिवशी तपासा. संवर्धनातलं १० टक्के सीरम म्हणजे रक्त नव्हे. प्राण्यांवर जाण्याआधी पूर्ण सीरममध्ये एक फेरी कराच. तिथे प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) वापरायचा असेल तर रक्त कोणत्या नळीत घेतलं ते विचारा. ईडीटीएच्या नळीत विकर निष्क्रिय होतं आणि रचनेचं मॅग्नेशियमही जातं, सायट्रेटही हे आयन बांधतं, आणि हेपरिन प्रबळ ऋणभारित असल्याने लायसिनचं कोटिंग सोलून काढू शकतं. या तिन्हींपेक्षा गोठून वेगळं झालेलं साधं सीरम बरं, किंवा थ्रॉम्बिन थेट रोखणाऱ्या हिरुडिनच्या नळीतला प्लाझ्मा घ्या.